चिकट्या रताळं

लहानपणी एकदा मी वाफ्याला कान लावला, तर मातीतून करकर असा आवाज आला. आत काय चाललं होतं, ते सांगतो.

वाफ्यात एकाच वेलाच्या तुकड्यांपासून वाढलेली लाल रताळी होती. कडेला बी पडून उगवलेलं एक खरबरीत रताळं होतं. "काय रे चिकट्या, आज तरी अंघोळ केलीस का?" असं म्हणून लाल रताळी त्याला चिडवत.

एक दिवस सोंडकिडा आला. त्यानं थोरल्या लाल रताळ्याची साल पोखरली, मग दुसऱ्याची, तिसऱ्याची.

"इतक्या लवकर?" धाकटं लाल रताळं किंचाळलं.

"तुमची सगळ्यांची साल एकच. एक फोडायला शिकलो, सगळी फुटली," किडा हसला.

मग त्यानं खरबरीत रताळ्यात सोंड खुपसली. पांढरा चीक भसकन वर आला आणि सोंड चिकटून बसली.

"दादा, थोडा चीक मला दे ना!" धाकटं रडू लागलं.

"लेकरा, हा वरून लावून चालत नाही रे. माझ्या आईच्या फुलानं रानवेलाचा पराग घेतला, म्हणून त्या वेलाचा हा दाट चीक जन्मापासून माझ्या अंगात आहे."

तेवढ्यात किड्यानं सोंड सोडवली, पुसली आणि तो धाकट्याकडे चालू लागला.