शून्यावरचा काटा

घाटउतारावरच्या एका गावात भालचंद्र खांबेटे नावाचे एक गृहस्थ हॅम रेडिओ, म्हणजे दूरच्या माणसांशी बोलायचा हौशी बिनतारी संच, चालवत. अंगणात लोखंडी मनोरा, मनोऱ्याच्या टोकाला अँटेना आणि तोरा असा, की तालुक्याचा श्वास जणू यांच्याच माइकमधून चालतो.

एका वर्षी त्यांनी मनोरा उंच केला. शेजारगावचा मनोरा आपल्यापेक्षा उंच दिसतो, एवढंच कारण. मनोरा वाढला आणि यंत्रापासून वर जाणारी केबल तोकडी पडली. त्यांची सून रेवती हिच्याकडेही परवाना होता. ती म्हणाली, नवी सलग केबल घेऊ. जोडायचीच असेल तर नीट कनेक्टर लावू आणि वरून पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळू. पण सुनेकडून शिकायचं म्हणजे खांबेट्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी माळ्यावरून जुना तुकडा काढला. आतली तार तारेला पिळली, तारेभोवतीची तांब्याची जाळी जाळीला गुंडाळली, सोल्डरचा डाग दिला आणि घरातल्या वायरींना लावतात ती काळी चिकटपट्टी फिरवली.

मग त्यांनी रेवतीला यंत्राला लावलेला मीटर दाखवला. अँटेनाने वर आलेली शक्ती घेतली नाही, तर ती केबलमधून माघारी येते आणि काटा चढतो. काटा शून्याजवळ होता.

"बघ. परत काही येतंय? नाही ना. मग सगळं पोचतंय."

उन्हाने पट्टीची कड सुटली. वर चढून ती कुणी पाहिली नाही. काटा मात्र दरवर्षी आणखी खाली बसत गेला. खांबेटे आल्यागेल्याला सांगत, माझा जोड लोणच्यासारखा मुरलाय.

रेडिओवर ऐकू येणारी माणसं एकेक करून कमी झाली. खांबेट्यांनी ठरवलं, हल्लीच्या पोरांना मोबाइल पुरतो, छंद कसला करतात. खाली खाडीकाठच्या वाडीत त्यांचा जुना दोस्त हसन मुकादम असाच रेडिओ घेऊन बसायचा. त्याचा फोन आला, "भालबा, तुझा आवाज कापसातनं आल्यासारखा येतो रे." खांबेटे म्हणाले, कान तपासून घे.

रेवतीने एकदा विचारलं, मी मीटर घेऊन वर जाऊ का? खाली काय दिसतं ते सोडा, अँटेनापाशी किती पोचतं ते मोजते. त्यांनी सांगितलं, मी जिवंत असेपर्यंत माझ्या मनोऱ्यावर दुसऱ्याचा पाय पडायचा नाही. ती गप्प बसली. त्या घरात गप्प बसणं म्हणजे पटणं, असंच धरलं जाई.

मग भाद्रपदात एका सकाळी गावावरच्या तलावाचा बांध चिरला. वीज गेलेली, मोबाइल मुके. बांध फुटला तर पाणी गावाला वळसा घालून ओढ्याने थेट खाडीकाठच्या वाडीवर उतरणार होतं. खांबेटे बॅटरीवर यंत्र लावून बसले. त्यांनी हसनला हाक मारली, पुन्हा मारली, बांध चिरलाय, वाडी रिकामी करा, असं घसा बसेपर्यंत सांगितलं. उत्तर आलं नाही. काटा शून्यावर होता.

रेवती म्हणाली, माणूस पाठवू. डोंगरातल्या पायवाटेने तो पाण्याआधी पोचेल, अजून वेळ आहे.

"निरोप गेलाय," खांबेटे म्हणाले. "काटा दिसत नाही का तुला? हसन माणसं हलवत असेल, उत्तर द्यायला त्याला सवड कुठली. या पावसात उगाच कुणाचा जीव धोक्यात घालू नकोस."

या वेळीही ती गप्प बसली. तेवढा तिचाही दोष.

दुपारी बांध गेला. हसन यंत्रासमोरच सापडला. बायको जुबेदा शेजारी. जे वाचले त्यांनी सांगितलं, की ओढा फुगलेला पाहून सकाळीच लोक निघायला लागले होते. हसननेच थांबवलं. वर खांबेटे बसलाय, काही झालं तर तो सांगेल, म्हणाला. खालची सगळी आळी त्याच्या शब्दावर थांबली आणि वाहून गेली.

प्रेतं उचलून झाल्यावर रेवती कुणालाही न विचारता मनोऱ्यावर चढली. अँटेनापासून केबल सोडवली आणि वरचं टोक अंगणात आणून टाकलं. जोडाची पट्टी चाकूने फाडली. आतलं तांबं हिरवं पडलं होतं. खालचं टोक अजून यंत्रालाच होतं. पट्टीखालची जाळी पिळली तसं काळं पाणी ठिबकलं. जाळीने ते वातीसारखं यंत्रापर्यंत ओढलं होतं.

"बाबा, बटण दाबा."

त्यांनी यंत्राशी बसून माइकचं बटण दाबलं. केबलचं टोक चिखलात उघडं पडलेलं. अँटेना नाही, काही नाही. सगळी शक्ती माघारी यायला हवी होती, काटा थेट वर चढायला हवा होता. तो शून्यावरच पडून राहिला.

"पण परत काही येत नव्हतं," खांबेटे म्हणाले.

"जाताना वाटेतच मरत होतं, बाबा. परत यायला उरत काय होतं?"

खांबेट्यांनी बटणावरचं बोट काढलं नाही. काट्याकडे बघत राहिले.

तात्पर्य: उलटून काही येत नाही म्हणजे आपलं पोचलं, असं समजू नये, आणि ज्यांच्यासमोर सगळे गप्प बसतात, त्या वडीलधाऱ्यांनी तर मुळीच समजू नये.