समेवरची मान

"मान हलली तर बिघडतं काय रे?"

पखवाजिये वासुदेवबुवांनी हे दोन वर्षांपूर्वीही विचारलं होतं, यंत्राच्या खुर्चीत बसताना. तेव्हा डॉक्टर निशिकांतला हसू आलं होतं. आज बुवांच्या ओसरीवर त्याला मान वर करवेना.

"यंत्र मेंदूतल्या लहरी टिपतं, बुवा. बोटं चालताना त्या कशा उठतात, कशा विरतात... डोकं जरासं हललं, की सगळं चित्र पुसट होतं."

एकेकाळी याच ओसरीवर तो पखवाज शिकला. पुढे मेंदूचा डॉक्टर झाला आणि शिंगं फुटली. आपल्या गुरूचा ताल मेंदूत नेमका कुठे बसतो ते जगाला दाखवतो म्हणाला. बुवाही हौसेने गेले. मांडीवर पाट घेऊन त्यावर बोटांनी वाजवू लागले. पण सम आली की मान हलायचीच. नऊदा वाजवलं, नऊदा हलली.

दहाव्या खेपेला निशिकांतने दोन्ही बाजूंनी स्पंज खोचून मान आवळली. चित्र लख्ख आलं. फक्त बुवांची सम चुकली, आयुष्यात पहिल्यांदा.

"आणि ती आधीची नऊ?"

"पुसून टाकली... खराब म्हणून. चुकलेलं तेवढं ठेवलं, बुवा. मी करंटा."

पुन्हा वाजवून घ्यायची सोय राहिली नव्हती. कंपवाताने बुवांचा हात गेल्या वर्षीच गेला होता. आपण काय घालवलं, हे निशिकांतला फार उशिरा उमगलं.

बुवांनी डोळ्यांनीच कोपऱ्यातल्या पखवाजाकडे खूण केली.

"वाजव."

"बारा वर्षं हात लावला नाही, बुवा."

"वाजव म्हटलं ना!"

तो अडखळत वाजवू लागला. चौतालाची तीन आवर्तनं घसरली. चौथं जमलं, सम आली, आणि त्याची मान आपसूक हलली. जुन्या सवयीने त्याने समोर पाहिलं. अशा वेळी बुवांचीही मान हलायची. लहानपणी तेवढ्या शाबासकीसाठी तो दिवसभर हात दुखवून घ्यायचा.

बुवांचे डोळे भरून आले होते. मान मात्र ताठच राहिली. आजाराने तिचं लाकूड केलं होतं.

"बुवा..."

"आता ने मला," बुवा म्हणाले. "आता चित्र चांगलं येईल."