करंजभाटची ओंजळ

रेमेदीनचं कुणी खरं मानलं नाही. आधी हे ऐकून घ्या, मग त्या थडग्यांकडे बघा. तीन वेळा ती सांगत फिरली. मुकादमाच्या ओट्यावर, पाद्रीबाबांच्या दारात आणि चर्चमधली मिस्सा सुटल्यावर भर अंगणात. तिन्ही वेळा लोकांनी तिला वेड्यात काढलं.

ही समोरची ओळ लेकरांची. पलीकडे बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं गावतळं. ओळीत संगमरवर दिसतो का बघा. नाही दिसणार. क्रूससुद्धा वीतभर लाकडाचा. बाहुली, काचेची बरणी, प्लास्टिकची फुलं, दिव्यांच्या माळा, काही चालत नाही. शहरातून आलेली माणसं फाटकावरची पाटी वाचतात आणि चिडतात, आमच्या लेकरावर आम्ही काय ठेवायचं हे तुम्ही कोण सांगणार? पाटीवर एकच ओळ आहे: आईच्या ओंजळीत मावेल तेवढंच. आणि बघा, ओळीतली पहिली जागा रिकामी आहे. तिथे थेट पाणी.

हा नियम कुठल्या बिशपने घातलेला नाही. एका खड्डे खणणाऱ्या बाईमुळे तो आला, असे सांगतात.

त्या साली वैशाखात या करंजभाटात पटकीची साथ आली. इंत्रू म्हणून दफनभूमीत खड्डे खणणारा होता, तो पहिल्याच आठवड्यात गेला. त्याची कुदळ त्याच्या बायकोने, रेमेदीनने, उचलली. दुसरं कोण पुढे येणार होतं? चौथ्या दिवशी तिचा स्वतःचा पेद्रू गेला, दोन वर्षांचा. वरची जमीन मुरमाड, एका खड्ड्याला अर्धा दिवस. रोज दोन-दोन लेकरं यायला लागली, तेव्हा ती बावखलाच्या काठावर खणू लागली, कारण तिथे कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरायची. पेद्रू पहिला, मग बाकीचे. बावीस लेकरं. पाद्रीबाबांनी जागेवर पवित्र पाणी शिंपडलं, म्हणून लोकांना वाटलं जागा त्यांनीच नेमली. रेमेदीन गप्प राहिली.

पण काठ म्हणजे काय होता? दर उन्हाळ्यात बावखल उपसून टाकलेला गाळ. वर्षानुवर्षांचा ढीग. हे तिला ठाऊक होतं.

सुरुवातीला आयांनी फुलं ठेवली, शिंपल्या ठेवल्या. मग दुमिंग मुकादमाने आपल्या चार वर्षांच्या रोझूवर काळी शिळा आणली, बारा गडी लावून. ती बघून एकीने जात्याची तळी आणून ठेवली, दुसरीने चुन्याचा ओटा बांधला, तिसरीने वर दगडी क्रूस उभा केला. लोक म्हणाले, मोठेपणाची हौस. हौस कसली? ज्या बाईला वाटतं लेकरू आपल्याच हातून गेलं, तिचं मन फुलांनी भरत नाही. तिला वजन लागतं. रेमेदीनकडे दगड आणायला माणूस नव्हता, म्हणून पेद्रूवर नुसती माती राहिली.

खड्डे सरळ यावेत म्हणून तिने कासऱ्याची दोरी ताणून खुंट्या ठोकल्या होत्या. आषाढात तिने तीच दोरी पुन्हा लावली. ओळीचं पोट पाण्याकडे हातभर सुटलं होतं.

"काठ चालतोय," तिने मुकादमाला सांगितलं. "दगड उतरवा."

"तुझ्या पेद्रूवर दगड नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय होय?" मुकादम म्हणाला. ओट्यावरची माणसं हसली. "आणि काय गो, तुला बरं कळलं! जमीन तुझ्याच कानात बोलते?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. तिने ते गिळलं. पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना कर. अंगणात बाया म्हणाल्या, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. कसं कळलं ते सांगायचं तर ही जागा कुणी निवडली तेही सांगावं लागलं असतं. बाकीच्या एकवीस घरांनी तिला गावात ठेवलं असतं का?

मग पावसाने चार दिवस उघडीप दिली नाही. पाचव्या दिवशी सकाळी ओळीच्या मागे जमिनीला चीर गेलेली तिने पाहिली. बोटभर होती. ती बघत होती तोवर दोन बोटं झाली. काठाखालचं पाणी गढुळलं होतं, आतून माती सुटत होती. रेमेदीन धावत गेली आणि तिने मरणाची घंटा ओढली. सगळं गाव भिजत दफनभूमीत आलं.

"कोण गेलं?" मुकादम ओरडला.

"अजून कुणी नाही. बावीसजणं जातील, दुसऱ्यांदा." मग तिने गिळलेलं सगळं ओकलं. "ही जागा पाद्रीबाबांची नाही, माझी. हा गाळ आहे. मला ठाऊक होतं. खणायला सोपं म्हणून मी तुमची पोरं गाळात घातली."

लोक धावले ते तिला मारायला की दगड काढायला, हे म्हणे कुणालाच कळलं नाही. पण चीर आता हातभर झाली होती आणि आयांचे हात दगडांना लागले. तळ्या निघाल्या, ओटे फुटले, क्रूस आडवे झाले. उरली काळी शिळा. तिच्यावर मुकादमाची बायको कोंसू पालथी पडली होती.

"नाही हलवू देणार!"

रेमेदीन चिखलात तिच्याजवळ बसली. "कोंसू, एवढी शिळा कशाला घातलीस?"

"ते पाणी मीच पाजलं गो तिला. बावखलाचं. माझ्या या हाताने."

"आणि मी त्याच बावखलाच्या गाळात तिला ठेवलं, जाणूनबुजून. माझी चूक मोठी. तुझीपण मला दे."

"चूक काय देण्याची वस्तू आहे?"

"आज आहे. दे आणि ऊठ, नाहीतर तुझी रोझू पाण्यात चालली."

कोंसू उठली. बारा गड्यांनी आणलेली शिळा पाच बायांनी एका पहारीवर उलथली, असे सांगतात. शिळा मुरमाच्या बाजूला पडली आणि चीर जिथल्या तिथे थांबली. फक्त ओळीचा कोपरा राहिला नाही. ज्याच्यावर कधी दगड नव्हता, जिकडे त्या घाईत कुणी पाहिलं नव्हतं, तो कोपरा आवाज न करता पाण्यात उतरला. पेद्रूचा. एकवीस राहिली. रेमेदीन पाण्याकडे बघत उभी राहिली. तिच्या अंगावर धावून गेलेले हात खाली आले.

पाऊस ओसरल्यावर आयांनी ओंजळी भरून माती आणली आणि चीर बुजवली. तिथेच ठरलं, लेकरावर आता एवढंच ठेवायचं, ओंजळीत मावेल तेवढं. मुकादमाला पंचांपुढे दोष ठरवायचा होता. रेमेदीन म्हणाली, "माझा लिहा. या साथीचा लिहा आणि पुढचाही लिहा. इथे कुणी आई स्वतःला दोष देत बसली, तर दगड परत येतील."

आजही लेकरू पुरल्यावर आई आधी एक फूल त्या रिकाम्या जागी पाण्यात सोडते. मग मातीवर ओंजळ रिकामी करते. तेव्हा गावातली सगळ्यांत म्हातारी बाई तिच्यासमोर उभी राहून विचारते, "दोष कुणाचा?" काही आयांच्या तोंडी स्वतःचंच नाव येतं. मग म्हातारी पुन्हा विचारते, आणि पुन्हा विचारते. घाई करत नाही. ती आई तेच एक नाव घेईपर्यंत कुणी फाटकाबाहेर जात नाही: रेमेदीन.