चुन्याचं बोट

त्या दिवशी सकाळी दाट धुई पडली होती. दहा वाजले तरी उन्हाचा पत्ता नाही. रस्त्यावरचं माणूस अगदी जवळ आलं की मगच ओळखू यायचं.

"माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा," विक्रांत म्हणत होता.

विचारत होता तो रझियाला. रझिया मुलाणी माझी शेजारीण. वेबसाइटवर ज्या जाहिराती दिसतात, त्या देणाऱ्या कंपनीचे नियम असतात. नियम मोडला की साइटवाल्याला मिळणारे जाहिरातींचे पैसे बंद. असे पैसे बंद झालेली माणसं लांबून लांबून हिच्याकडं येतात. पान कुठं बिघडलंय ते ती दाखवते. खोटा अर्ज मात्र कुणाला लिहून देत नाही. मी शाळा पाहिली नाही, जन्मभर बाजार आवारात पोती वाहिली. पण हिच्या पायरीवर घटकाभर बसलं की मलासुद्धा चार गोष्टी कळतात.

विक्रांत धायगुडे बाजारभावाची साइट चालवायचा. नोकरी सोडून काढलेली. आमच्याकडं कांद्याचा भाव सगळे तिथंच बघतात. त्याचे जाहिरातींचे पैसे बंद झाले होते, ते परत सुरू करा म्हणून कंपनीला केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला होता. आता एकच अर्ज उरला. तोही फेटाळला की साइट मिटवायची आणि पुन्हा पुण्याला नोकरी शोधायची.

"नियम तीनदा वाचलेत, मॅडम. कुठलाही विचारा."

"चुकून दाबली जाईल अशा जागी जाहिरात नको. हा वाचलास?"

"वाचला की. बटणात आणि जाहिरातीत अंतर ठेवलंय. मोजून."

"कशानं मोजलंस?"

"कॉम्प्युटरवर. माउसनं."

रझियानं त्याचा फोन मागून घेतला, त्यात त्याची साइट उघडली आणि माझ्यापुढं धरली.

"आबा, आजचे सगळे भाव बघा बरं."

मी तंबाखू मळत होतो. हात धोतराला पुसल्यासारखा केला आणि रझियानं दाखवलं त्या 'सगळे भाव'च्या बटणावर अंगठा ठेवला.

कर्जाची जाहिरात उघडली.

मागं आलो. पुन्हा अंगठा ठेवला. पुन्हा कर्ज.

"आबा, कर्ज काढायचंय का काय?" रझिया म्हणाली.

"ह्या वयात कोण देतंय."

विक्रांत हसला. "आबांचं बोट जाड आहे, मॅडम. नियमात बोटाच्या जाडीचं काही लिहिलेलं नाही."

रझियानं जाहिरात मिटवली. पान परत दिसलं, आणि काचेवर माझ्या अंगठ्याचा चुना उमटलेला दिसला. रुंद, पांढरा. त्याच्याखाली बटण होतं. जाहिरातही होती.

मला ओशाळं झालं. नवाकोरा फोन पोराचा. त्यानं पुसायला बाही पुढं केली, तर रझियानं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"तुझ्या साइटवर कोण येतं रे?" तिनंच विचारलं.

"कांदा लावणारे. हमाल. आडते."

"त्यातला माउस घेऊन कोण येतो?"

विक्रांत त्या ठशाकडं बघत राहिला. माझी तंबाखू मळून झाली, तोंडात टाकली, तरी तो तसाच.

मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पायरीवरच बसला. जाहिरात खाली सरकवली. आणखी खाली. भाव सगळे संपतात तिथं.

"इथं कुणाचं बोटच जाणार नाही, ताई," तो म्हणाला. मघाचं मॅडम कुठं गेलं, त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"ज्याला पाहिजे त्याचं जाईल."

त्यानं अर्ज घरून लॅपटॉपवर लिहून आणला होता. चांगला दोन पानी. रझियानं तो वाचलासुद्धा नव्हता. आता त्यानंच तो पुसून टाकला आणि नवा लिहून आम्हाला वाचून दाखवला. "पान मी माझ्या सोयीनं मांडलं होतं. वाचणाऱ्याच्या हातानं बघितलं नव्हतं. आता बदललंय." एवढाच.

मी इतकी वर्षं माणसं पाहिली, पण चूक इतक्या सरळ कबूल करणारं माणूस क्वचितच भेटलं.

पाठवायच्या वेळी मात्र त्याचा हात अडला.

"ताई, हे नाही म्हणाले तर?"

"तर जाहिरात परत वर नेशील?"

त्यानं पान पार खालपर्यंत सरकवून जाहिरातीची नवी जागा एकदा बघितली.

"नाही नेणार," तो म्हणाला.

"मग पाठव."

त्यानं पाठवला. निघताना तिच्या पाया पडायला वाकला, तर ती पाय मागं घेऊन म्हणाली, "चहा तरी पिऊन जा." तो थांबला नाही. धुईत शिरला आणि दिसेनासा झाला.

माझ्या जिवाला घोर लागला. पोरगं चांगलं होतं.

"रझिया," मी विचारलं, "होईल का गं त्याचं काम?"

ती माझ्यापुढं चहाचा कप ठेवत होती.

"त्याचं काम झालं, आबा. आता कंपनीचं राहिलंय."