दोन महिन्यांचा सोंगाड्या

“मग त्याला असं काय शिकवलंत, वस्ताद, जे मला शिकवलं नाही?”

मौलावस्ताद ओसरीवर बसून ढोलकीच्या दोऱ्या आवळत होते. चाळीस वर्षं त्यांनी तमाशात सोंगाड्याचं काम केलं होतं. आता दात गेले होते, आवाज बसला होता. पण शिकायला माणसं अजून त्यांच्याकडेच यायची.

विचारणारा जालिंदर हा त्यांचाच शिष्य. ज्याच्याबद्दल विचारत होता तो रंगराव, तोही त्यांचाच. दोघं एकाच फडात.

“कालचं सांगतो,” जालिंदर म्हणाला. “गेले दोन महिने सोंगाड्या मी होतो. लोक हसत होते, टाळ्या देत होते. काल रंगराव परत आला. नुसता पडद्यातून बाहेर आला, वस्ताद. अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं... आणि अख्खा तंबू हसायला लागला.”

“तू कुठं होतास?”

“पडद्यामागं.”

“तू हसलास?”

जालिंदर ओसरीची कड नखानं खरवडू लागला.

रंगराव आठ वर्षं टेरिटोरियलमध्ये, म्हणजे आपला धंदा सांभाळून नोकरी करायच्या फौजेत, होता. वर्षातले दहा महिने फडात, दोन महिने अंगावर वर्दी. मधेच बोलावणं आलं तर तेव्हाही जायचं. येताना तो सगळ्यांसाठी छावणीकडच्या डोंगरातले जर्दाळू आणायचा. जालिंदरची पुडी सगळ्यांत मोठी असायची. जालिंदर ती कधी उघडायचा नाही.

“आवाज माझा चांगला,” जालिंदर म्हणाला. “पाठांतर माझं. हजरजबाबी मी.”

“खरं आहे.”

“त्याला धड सही करता येत नव्हती.”

“तेही खरं.”

“मग तिथं शिकवतात तरी काय?”

वस्तादांनी ढोलकी बाजूला ठेवली.

“पहिल्या साली कवायतीत त्याचे हातपाय जुळेनात. डाव्या पायाबरोबर डावाच हात पुढं. कवायत घेणाऱ्यानं त्याला एकट्याला रांगेबाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर चालायला लावलं. तीनशे माणसं हसली. हा रडवेला होऊन माझ्याकडं आला.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काही नाही. जेवायला घातलं.”

...

“पुढं पूर आला,” वस्ताद म्हणाले. “ह्यांच्या तुकडीला बोलावलं. एक म्हातारी कौलावर बसून होती. दोन दिवस उपाशी. होडीत पाय टाकायला तयार नाही. गडी समजावून थकले. शेवटी रंगराव त्या कौलांवर कवायत करत चालला. डावा पाय, डावा हात. म्हातारी हसली. हसता हसता हात पुढं केला तिनं... आणि होडीत बसली.”

जालिंदरला ही गोष्ट माहीत नव्हती. ती चाल मात्र त्याला माहीत होती. रंगराव तंबूत तसाच चालायचा. जालिंदरनं ती घरी आरशासमोर पाठ केली होती.

“माझ्या बाबतीतही असं काही घडलं असतं तर...” तो म्हणाला. “नशीब लागतं, वस्ताद. त्याला मिळालं.”

“नशीब म्हणतोस? भरतीचा कागद त्याला कुणी आणून दिला?”

जालिंदर ढोलकीची दोरी बोटाला गुंडाळू लागला.

“कुणी आणला?”

“मी.”

“भरला कुणी?”

“मीच. भरतीच्या मैदानापर्यंत एस. टी.नं सोडायलाही मीच गेलो होतो.”

“का रे?”

आठ वर्षांत हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

“दोन महिने तो नसेल... तर सोंगाड्या मी होईन, म्हणून.”

वस्ताद रागावले नाहीत.

“मिळाले का दोन महिने?”

“मिळाले. दर साली मिळतात.”

“मग तुझं गाऱ्हाणं काय?”

“तो परत येतो!”

वस्तादांच्या तोंडून आधी नुसता वारा निघाला. मग खांदे हलायला लागले. मग ते ओसरीवर आडवे होईपर्यंत हसले. डोळ्यांतून पाणी आलं. आवाज ऐकून त्यांची सून आतून धावत आली. “अब्बा, काय झालं?” तिनं विचारलं. त्यांनी जालिंदरकडं बोट दाखवलं.

“सांग... हिलाही सांग. सगळं सांग, कागदापासून.”

जालिंदरनं सांगितलं नाही. मग वस्तादांनीच धापा टाकत सांगितलं. सुनेनं पदर तोंडाला लावला. थांबवायचा प्रयत्न केला, पण हसू फुटलंच. हसतच ती आत गेली.

शिकायला आल्यापासूनच्या बावीस वर्षांत वस्ताद जालिंदरच्या कामाला एकदाही असे हसले नव्हते.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो ताडकन उठला आणि पायात चपला घातल्या.

“मी जीव जाळून सांगतोय, आणि तुम्ही हसता?”

“बस.”

“नाही बसत.”

“बरं, उभा राहून ऐक. उद्याच्या खेळात हे सांगायचं. कागद आणलास ते. एस. टी.त शेजारी बसवून नेलंस ते. दर साली तो परत येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवतोस आणि तो दर साली धडधाकट परत येतो ते. एक शब्दही वाढवायचा नाही.”

“रंगरावच्या समोर?”

“त्याला पुढच्या रांगेत बसव.”

जालिंदर अंगणात उभा राहिला.

“वस्ताद... लोक मला हसतील.”

वस्तादांनी डोळे पुसले. ढोलकी पुन्हा मांडीवर घेतली.

“मग इतकी वर्षं लोकांनी हसावं म्हणून स्वतःला सोडून तू कुणाला पुढं करत होतास, जालिंदर?”