वाळवीचा लेख

जंगलाचंही एक मासिक निघायचं, तेव्हाची गोष्ट. कासवराव त्याचे संपादक होते. वाळवीनं त्यांच्याकडे वारुळाच्या बांधणीवर लेख पाठवला. कासवरावांनी लेखावरचं नाव खोडलं आणि तो एका तज्ज्ञाकडे तपासायला धाडला.

वाळवी भडकली. “नाव का खोडलंत? सात पिढ्या वारुळं बांधतोय आम्ही!”

“तज्ज्ञानं लेख बघावा, लेखक नाही,” कासवराव शांतपणे म्हणाले.

महिन्याभरानं अभिप्राय आला. वाळवीनं तो अधीरपणे वाचला. “जन्मभर वारुळं फोडून वाळवी खात आलो, पण आतल्या भिंतींचं इतकं अचूक वर्णन कुठेच वाचलं नव्हतं. लेख अवश्य छापावा. लेखक कुठे राहतात तेही कळवावे, ही विनंती.”

वाळवी तडक कासवरावांकडे धावली.

“कासवराव, छापतानाही नाव खोडलेलंच राहू द्या हं.”