ओसरीपुरती किंमत

मिरजेत तंबोरे घडवणारे नजीरभाई वीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढून आता पहिलं स्वतःचं घर घ्यायला निघाले होते. घर जुनं, डागडुजीला आलेलं. मालक भाऊसाहेब रणनवरे मात्र ताठ. किंमत जरा उतरवा म्हणताच ते गरजले, "माजघरातली तुळई अस्सल सागवानी आहे. शंभर वर्षं हलायची नाही. एक रुपया कमी होणार नाही."

नजीरभाईंना लाकडाचं भारी कुतूहल. त्यांनी काठीने तुळई ठोकली आणि कान देऊन ऐकलं. आवाज पोकळ आला, वरून भुसाही गळला. आत वाळवी होती.

"तुमचा शब्द मला पुरे," ते शांतपणे म्हणाले. "सांगाल ती किंमत मान्य. तुम्ही या तुळईखाली बसून विसारपावती लिहा, तोवर मी वर माळ्यावर फिरून येतो."

भाऊसाहेबांनी वर पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. "पावती आपण ओसरीवर बसून लिहू."

"लिहू की," नजीरभाई म्हणाले, "पण मग किंमतही ओसरीपुरतीच लिहू."

भाऊसाहेबांनाच हसू फुटलं. नव्या तुळईचा सगळा खर्च वजा करून त्यांनी पावती लिहिली.